गाण्याचा तास कापणाऱ्यांना खुलं पत्र

सार्वजनिक पैसा कुठे खर्च व्हावा हे ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य आणि अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी संगीत शिकवते. पंचवीस वर्षं होत आली. काही वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच एका समितीने मला बैठकीला बोलावलं होतं. खर्चाला कात्री लावायची होती आणि यादीत सगळ्यात वर शाळांमधलं गाणं, चित्रकला आणि नाटक होतं. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "बाई, तुमची तळमळ कळते. पण यातून मुलांच्या हाती नक्की काय लागतं?" त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी एकाग्रता, संस्कार, व्यक्तिमत्त्व विकास असे दोन-चार गुळगुळीत शब्द बोलले, आणि बोलता बोलताच मला कळत होतं की हे काही उत्तर नव्हे. आठवड्याला दोन तास होते, त्याचा एक झाला. पुढच्या वर्षी तोही गेला.

तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. उशीर झालाय, पण त्याचं उत्तर आज लिहायला बसले आहे.

आधी एक मुद्दा बाजूला ठेवते, कारण तो आमच्याच बाजूची माणसं सतत पुढे करतात. संगीत शिकल्याने गणित सुधारतं, मूल हुशार होतं, वगैरे. १९९३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटासा प्रयोग छापून आला होता. महाविद्यालयातल्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट या युरोपीय संगीतकाराची एक रचना ऐकवली आणि मग आकृत्यांची, घड्या घातलेले कागद मनातल्या मनात उलगडण्यासारखी कोडी दिली. त्यांचे गुण थोडे वाढले. दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरलाही. लहान मुलांवर तो प्रयोग झालाच नव्हता. तरीही १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांच्या घरी शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका पाठवण्यासाठी अंदाजपत्रकात पैसे मागितले. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा बऱ्याच जणांच्या हाती फारसं काही लागलं नाही.

मला या युक्तिवादाची धास्ती वाटते. गाणं जर गणितासाठी शिकवायचं असेल, तर तुम्ही उद्या म्हणाल, मग सरळ गणिताचाच एक तास वाढवू. आणि तुमचं बरोबरच असेल. कलेमुळे रोजगार मिळतो, पर्यटन वाढतं, हेही खरंच आहे, पण त्याही आधारावर मी तुमच्याकडे काही मागणार नाही. रोजगार देणाऱ्या इतर पुष्कळ गोष्टी आहेत.

मुलांच्या हाती काय लागतं ते मी माझ्या वर्गात पाहिलं, तेवढंच सांगते.

एक मुलगा होता. बोलताना अडखळायचा. पहिल्याच अक्षरावर ओठ मिटायचे, गळ्याच्या शिरा ताणायच्या, डोळे बंद व्हायचे. मुलं वाईट नव्हती, चिडवायची नाहीत. ती त्याचं वाक्य त्याच्या वतीने पूर्ण करून टाकायची. ते त्याला चिडवण्याहून जास्त लागायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसे. हजेरी घेताना तो 'हजर' म्हणत नसे, नुसता हात वर करायचा.

गाण्याच्या तासाला तो शेवटच्या रांगेत उभा राहायचा. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी रांगांमधून फिरत एकेकाचा सूर ऐकत होते. त्याच्याजवळ आले आणि थबकले. शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. अडणं नाही, ओढणं नाही. मी तिथेच उभी राहिले तर तो बुजेल म्हणून पुढे सरकले, पण कान मागेच होते.

यात चमत्कार काही नाही. वाचा-उपचार करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. अडखळत बोलणारी बहुतेक माणसं गाताना अडखळत नाहीत, आणि इतरांच्या आवाजात आवाज मिसळून एकत्र वाचतानाही अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. लय बाहेरून मिळते, स्वर लांबवले जातात, पुढचा शब्द कोणता हे आधीच ठरलेलं असतं. गाण्याने अडखळणं बरं होत नाही, हेही मी स्पष्ट लिहिते. तास संपला की तो पुन्हा तसाच बोलायचा. वर्षाच्या शेवटीही हजेरीला तो हातच वर करत होता.

बदलला तो वर्ग. मुलांनी त्याची वाक्यं पूर्ण करणं सोडून दिलं. मी कुणालाही एका शब्दाने सांगितलं नव्हतं. वर्षभर तीस-चाळीस मुलं एकत्र गात होती, आणि एकत्र गाताना दुसऱ्याचा शब्द तोडून पुढे पळता येत नाही. कुणी मागे राहिलं तर त्याच्यासाठी श्वासभर थांबावं लागतं, कारण समेवर सगळ्यांनी मिळून यायचं असतं. ते थांबणं त्यांच्या अंगात मुरलं. एकदा त्याने इतिहासाच्या तासाला उत्तर द्यायला चांगलं पाऊण मिनिट घेतलं आणि वर्गातलं एकही मूल मधे बोललं नाही, हे मला त्या विषयाच्या बाईंनी येऊन सांगितलं. त्यांना कळेना की हे झालं कसं.

तुमच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात बसतं मला माहीत नाही. पण समाज म्हणून आपल्याला अशी माणसं हवी आहेत का, जी समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबू शकतात? हवी असतील तर ती कुठेतरी घडवावी लागतील. नागरिकशास्त्राचा धडा पाठ करून ते येत नाही.

तुमच्यातले बरेच जण म्हणतात, हे सगळं ठीक, पण कला ही पोट भरल्यावरची गोष्ट. आधी अन्न, वस्त्र, निवारा, मग उरलंच तर गाणं. हा क्रम इतका सरळ वाटतो की तो कुणी तपासूनच पाहत नाही. २००८ साली नैऋत्य जर्मनीतल्या होले फेल्स नावाच्या गुहेत एका बासरीचे बारा तुकडे सापडले. जोडल्यावर ती साधारण २२ सेंटीमीटर लांबीची भरली. बोटांसाठी पाच छिद्रं, गिधाडाच्या पंखाच्या हाडातून केलेली, वय ३५ ते ४० हजार वर्षं. त्याच भागातल्या गुहांमध्ये मॅमथच्या सुळ्यापासून केलेल्या बासऱ्यांचेही अवशेष मिळाले आहेत. पक्ष्याचं हाड मुळात पोकळ असतं, सुळा मात्र भरीव. त्याची बासरी करायची तर तो उभा चिरायचा, दोन्ही भाग आतून कोरायचे आणि हवा निसटणार नाही अशा बेताने पुन्हा जोडायचे. हे सगळं गारगोटीच्या हत्यारांनी, हिमयुगात. त्या माणसांकडे शेती नव्हती. शेती यायला अजून वीस हजारांहून जास्त वर्षं होती. साठवलेलं धान्य नाही, उद्याच्या शिकारीची खात्री नाही, आणि तरी कुणीतरी दिवसचे दिवस बसून सुळा कोरत होतं, आणि बाकीच्यांनी त्याला बसू दिलं. त्याच्या वाट्याचं अन्न कुणीतरी आणलंच असणार. ती माझ्या लेखी कलेसाठीची पहिली सार्वजनिक तरतूद.

पुढेही माणूस फावल्या वेळातच गायला असं नाही. दळताना गायला, वल्ही मारताना गायला, जहाजाचे दोर ओढताना गायला. ते गाणं कामाच्या जागी होतं, कामाचा भाग होतं.

कठीण काळात कला परवडत नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा. दुसऱ्या महायुद्धात कलेची तरतूद कापायची सूचना आली तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी "मग आपण लढतोय कशासाठी?" असं विचारलं, ही गोष्ट तुम्ही फोनवर फिरताना वाचली असेल. ती मी वापरणार नाही, कारण ते असं म्हणाल्याचा पुरावा नाही. पण त्याच देशात त्याच काळात जे घडलं त्याची पक्की नोंद आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि लंडनमधली नाट्यगृहं, संगीतगृहं बंद झाली. नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली गेली, भिंती रिकाम्या झाल्या. मायरा हेस या पियानोवादक बाईंनी त्या रिकाम्या दालनांत दुपारच्या सुट्टीत मैफली सुरू केल्या. पहिली मैफल १० ऑक्टोबर १९३९ ला झाली. थोडेफार लोक येतील असं वाटलं होतं, हजारभर आले. सोमवार ते शुक्रवार, साडेसहा वर्षं, जवळपास १,७०० मैफली. बॉम्बहल्ले सुरू झाले तेव्हा मैफली तळघरात गेल्या, थांबल्या मात्र नाहीत. कचेरीतले कारकून, सुट्टीवर आलेले सैनिक, परिचारिका दुपारचा डबा तिथे खात ऐकायचे.

आणि सरकार? १९४० च्या सुरुवातीला, ऐन युद्धात, तिथे संगीत आणि कलांना मदत करणारी संस्था उभी राहिली आणि सरकारने तिच्यात पैसा घातला. १९४६ मध्ये तिचीच कला परिषद झाली. देश कर्जात बुडाला होता, शहरं पडली होती, रेशनिंग त्यानंतरही आठ वर्षं चाललं. तिजोरी भरली म्हणून त्यांनी हा निर्णय घेतला नव्हता.

अमेरिकेतल्या महामंदीचंही तसंच. १९३५ पासून सरकारने बेकार कामगारांना काम दिलं, तसंच बेकार वादकांना, चित्रकारांना, नटांना आणि लेखकांनाही दिलं. त्यावर तेव्हाही उधळपट्टीची ओरड झाली आणि त्यातली नाटकांची योजना १९३९ मध्ये बंद पाडली गेली. त्याच योजनांमधल्या लेखन विभागाने १९३६ ते १९३८ या काळात गुलामगिरीत जन्मलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना भेटून त्यांचं आयुष्य त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं, २,३०० हून अधिक लोकांचं. ते दोन वर्षं उशिरा गेले असते तर यातली कितीतरी माणसं राहिलीच नसती. आज त्या इतिहासाबद्दल लिहिणारा कुणीही त्या नोंदींना वगळून पुढे जाऊ शकत नाही. ज्यांनी त्या लिहिल्या ते त्या दिवशीच्या हिशेबात बिनकामाचे होते.

आता तुमच्या आवडीच्या भाषेत, अर्थशास्त्रात, येते. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. दोनशे वर्षांपूर्वी चार वादकांसाठी लिहिलेली अर्ध्या तासाची रचना आजही वाजवायची तर चार माणसं आणि अर्धा तासच लागतो. मधल्या काळात यंत्रांमुळे एक कामगार कित्येक पट कापड विणू लागला, कित्येक पट भांडी घडवू लागला, आणि त्याची मजुरीही वाढली. वादकाची मजुरीही त्याबरोबर वाढवावी लागते, नाहीतर तो दुसरं काम धरेल. पण त्याला दुप्पट वेगाने वाजवून चालत नाही. म्हणून जिवंत कला दरवर्षी इतर वस्तूंच्या मानाने जास्त जास्त महाग दिसत जाते. गैरकारभाराने नव्हे, तिच्या स्वभावानेच. परिचारिकेचं, शिक्षकाचं, न्यायाधीशाचंही असंच आहे. जिथे माणसाचा वेळ हाच माल आहे, तिथे काटकसर करायला गेलं की मालच कमी होतो. गाण्याचा तास महाग का पडतो, असं पुढच्या बैठकीत कुणी विचारलं तर कृपा करून हे आठवा.

"आता फोनवर सगळं फुकट ऐकायला मिळतं" असंही मला ऐकवलं गेलं आहे. मिळतं, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण फोनवर धावण्याची शर्यत बघून कुणाच्या पायात बळ येत नाही. त्या मुलाला जे मिळालं ते ऐकून मिळालेलं नव्हतं, स्वतःच्या गळ्यातून काढून मिळालेलं होतं. ऐकणारे वाढत चाललेत आणि गाणारे कमी होत चाललेत, याची मला जास्त चिंता वाटते.

आणि आता, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तुम्ही तास बंद केलात म्हणून गाणं बंद झालं का? नाही झालं. माझ्याच वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी ऐपत होती, ती आता संध्याकाळी खासगी शिकवणीला जातात. त्यांच्याकडे स्वतःची वाद्यं आहेत, आईवडील ने-आण करतात. त्यांचं काहीच बिघडलं नाही. बंद झालं ते बाकीच्यांचं. ज्या मुलीने पेटीवर पहिल्यांदा बोट ठेवलं ते शाळेतच, तिचं. ज्या मुलाला रंगाची पेटी फक्त चित्रकलेच्या तासाला हाती मिळायची, त्याचं. कला ही चैन आहे असं समजून तुम्ही निर्णय घेतलात, आणि त्या निर्णयाने तिची खरोखर चैन झाली. आदल्या दिवसापर्यंत ती चैन नव्हती.

राजांच्या महालात चित्रं होतीच, दरबारात गवई होतेच. त्यांना कधी काही कमी पडलं नाही. पॅरिसमधल्या लुव्हर या राजवाड्याचे दरवाजे संग्रहालय म्हणून १० ऑगस्ट १७९३ ला सर्वांसाठी उघडले, तेव्हा भिंतीवरची बरीचशी चित्रं तीच होती. बदललं होतं ते एवढंच की ती आता कुणीही बघू शकत होतं. माझं सगळं भांडण या एका दरवाज्यावरून आहे.

औषध की गाणं, अन्न की चित्र, असा प्रश्न तुम्ही मला विचाराल. तशी वेळ खरोखर आली तर औषध आणि अन्न, मी क्षणभरही थांबणार नाही. पण तशी वेळ आलेली नसताना तसा प्रश्न उभा करू नका. बहुतेक देशांत कलेच्या वाट्याला सरकारी खर्चातला अगदी नगण्य हिस्सा येतो. तो सगळा काढून घेतला तरी रुग्णालयांची ददात मिटायची नाही. आमचा तास कापून वाचलेला पैसा कुठल्या दवाखान्याला गेला, हे मी लेखी विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

कलेच्या नावावर उधळपट्टी होते, हे मात्र मी नाकारत नाही. मोठमोठी सभागृहं बांधली जातात आणि वर्षातले दहा दिवस उघडतात. पाहुण्यांच्या सत्कारात निम्मा वेळ जातो, मंडप आणि रोषणाई यांच्यावर कलाकारांच्या मानधनाच्या कितीतरी पट पैसा ओतला जातो, आणि वर त्या कलाकाराला सांगतात की तुम्हाला व्यासपीठ मिळालं, आणखी काय हवं. कापायचं असेल तर ते कापा. मी स्वतः तुमच्याबरोबर बसून यादी करून देईन. गंमत नाही करत, मला बोलवा, मी येते. पण तुमच्या कात्रीला समारंभ कधीच सापडत नाही. सापडतो तो तासावर येणारा शिक्षक, वाद्यांच्या दुरुस्तीची किरकोळ रक्कम, चित्रकलेच्या कागदांचे गठ्ठे. जे दिसत नाही, ज्याचा फोटो निघत नाही, ते आधी जातं.

आणि ते गेलं की सहज परत येत नाही. रस्त्याचं काम दोन वर्षं थांबलं तर तिसऱ्या वर्षी तिथूनच पुढे सुरू करता येतं. गाणं शिकवणारा माणूस तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, तीही दुसऱ्या अशाच माणसासमोर बसून. मधली एक पिढी गळली तर पुढच्या वेळी तुमच्याकडे पैसा असेल, खोली असेल, वाद्यं असतील, आणि शिकवायला कुणी नसेल. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या दोघांनी हे काम सोडलं. एक आता हिशेब लिहितात. हात तेच, तबल्यावर काय सुंदर चालायचे!

मी मोठं काही मागत नाही. प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोन तास, गाण्याचा असो, चित्राचा असो, नाटकाचा असो. तो तास परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकायचा नाही. शिकवणाऱ्याला वर्षभराचा पगार, तासाच्या हिशेबाने तुकडे नकोत. वाद्यं दुरुस्त करायला पैसे, आणि शाळा सुटल्यावर ती खोली उघडी ठेवायची मुभा. एवढ्यात भागतं.

तास बंद झाल्याचं मुलांना कळलं त्या दिवशी तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "बाई, पुन्हा कधी?" एवढंच त्याला विचारायचं होतं. 'बाई'च्या 'ब'वरच तो अडला. ओठ मिटले, डोळे मिटले. मी हातातलं काम बाजूला ठेवून थांबले. बराच वेळ लागला, पण त्याने प्रश्न पूर्ण विचारला. मला उत्तर देता आलं नाही, ते तुमच्याच हातात आहे. म्हणून त्याचा प्रश्न तुमच्याकडे पाठवते आहे.

आपली,
एक संगीतशिक्षिका